जावित्रीची मजुरी

‘चवीचा प्रवास’ हा विषय संपादकांनी दिला की मसाल्यांवर लिहिणाऱ्याच्या हाताशी आयता सरंजाम असतो. गलबते, वखारी, कंपन्या आणि तोफा. जायफळाबाबत तो टाळताही येत नाही, कारण या एका बियेपायी बेटेच्या बेटे ओस पडली. पण माणसाने गलबत बांधण्याच्या कितीतरी आधीपासून जायफळाची ने-आण एक पाखरू करत आले आहे. ते कबुतराच्या कुळातले असून पक्षिशास्त्र त्याला ‘ड्युक्युला’ या गटात घालते. आपण त्याला राजकबूतर म्हणू. मळेवाल्यांनी त्याला चोर ठरवले आणि इतिहासकारांनी तळटिपेत टाकले. माझे म्हणणे असे, की जायफळाच्या झाडाचा जमाखर्च या पाखराच्या बाजूने मांडल्याशिवाय तीन गोष्टींचा उलगडा होत नाही. बंदा बेटांवरची मक्तेदारी इतक्या क्रौर्यानेही पक्की का झाली नाही, आपल्या स्वयंपाकघरात जायफळ चिमटीतच का राहते, आणि कोकणातल्या रानजायफळाच्या राया तोडल्या नाहीत तरी म्हाताऱ्या का होत चालल्या आहेत.

फळ उकलते तेव्हा

जायफळाचे पिकलेले फळ फिकट पिवळे आणि लहान पेरूएवढे असते. ते झाडावर असतानाच शिवणीवरून दुभंगते. आत काळपट तपकिरी, चकचकीत कवच दिसते आणि त्याला घट्ट बिलगलेली लालभडक जाळी. ही जाळी म्हणजे ओली जावित्री. बाजारात आपण पाहतो ती केशरी-पिवळी, कुरकुरीत जावित्री हे वाळल्यावरचे रूप. ओली असताना ती लुसलुशीत असते आणि तिचा लाल रंग हिरव्या पानोळ्यातून लांबूनही डोळ्यात भरतो. कवच फोडले की आतली बी, म्हणजे आपले जायफळ. ते आडवे कापले तर पांढरट गरात तपकिरी शिरांची नक्षी दिसते. याच शिरांत वासाचे तेल साठलेले असते.

या उघड्या फळावर राजकबूतर बसते आणि जावित्रीसकट अख्खी बी गिळते. आकाराने ते कावळ्याहून भरदार, पण चोच पाहिली तर एवढी बी आत कशी जाईल असे वाटावे. मेख जबड्यात आहे. खालच्या जबड्याच्या दोन बाजू फाकतात आणि घसा ताणला जातो. पुढचे पोट त्याहून महत्त्वाचे. चौकात दाणे टिपणारे कबूतर खडे गिळून दाणे भरडते; त्याच्या पोटात गेलेली बी संपली. आपला राज्यपक्षी हरियाल फळे खाणारा, पण त्याचीही जठरपेटी जाड स्नायूंची असते आणि उंबर-वडाच्या बारीक बिया तिच्यात दळल्या जातात. राजकबुतराची पेटी मऊ आणि पातळ, आतडे आखूड आणि रुंद. जावित्री तिथे सोलून निघते, पचते, आणि बी जशीच्या तशी बाहेर पडते. तेव्हा फळे खाणारा प्रत्येक पक्षी झाडाच्या कामाचा नसतो, आणि एकाच कुळातल्या दोन पक्ष्यांत एक पेरणारा तर दुसरा दळणारा असू शकतो.

झाडाला या पेरणीची गरज किती, याचे उत्तर जायफळाच्याच कुळातल्या एका अमेरिकन झाडाने दिले आहे. पनामाच्या बारो कोलोराडो बेटावर हेन्री हाउ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी व्हिरोला या झाडाच्या बियांचा माग काढला. तिथे राजकबुतरे नाहीत. हे काम टूकान आणि इतर मोठे पक्षी करतात. १९८५ साली छापलेल्या त्यांच्या निष्कर्षाप्रमाणे, आईच्या थेट सावलीत पडलेल्या बियेच्या मानाने ४५ मीटर दूर गेलेल्या बियेची पहिल्या काही आठवड्यांत तगून राहण्याची शक्यता चाळीस पटींहून अधिक होती. आईखालच्या बियांना पोखरणारे भुंगे शोधत येतात आणि एकाच जागी शेकड्यांनी बी सापडले की सगळे फस्त करतात. झाडाला स्वतःला हलता येत नाही, म्हणून ते बी हलवणाऱ्याला मजुरी देते. जावित्री ही ती मजुरी. माणसाच्या बाजारात जायफळ हा माल आणि जावित्री त्याच्यावरचे वेष्टन. झाडाच्या दृष्टीने बी हा ठेवा आहे, तो कोणी खायचाच नाही. खायला दिलेली एकच गोष्ट म्हणजे ते वेष्टन.

मक्ता आणि पाखरू

इंडोनेशियाच्या पूर्वेकडे, मलुकू भागात, बंदा नावाची मूठभर बेटे आहेत. मधोमध ज्वालामुखी, भोवती खोल समुद्र. जगाच्या बाजारात येणारे जवळजवळ सगळे जायफळ शतकानुशतके इथूनच येत होते. मलय, अरब, गुजराती व्यापाऱ्यांच्या हातून ते पश्चिमेकडे जाई. १६२१ मध्ये डच ईस्ट इंडिया कंपनीचा गव्हर्नर जनरल यान पीटरझून कून याने फौज उतरवली. सुमारे पंधरा हजारांच्या वस्तीतून जेमतेम हजारभर माणसे बेटांवर उरली असे मानले जाते. बाकीची मारली गेली, उपाशी मेली, गुलाम म्हणून नेली गेली किंवा पळाली. रिकाम्या झालेल्या बागांचे तुकडे पाडून ते कंपनीने आपल्या माजी नोकरांना दिले आणि राबायला गुलाम आणले. इंग्रजांच्या हक्कातले रन नावाचे इवलेसे बेट १६६७ च्या ब्रेडा तहात डचांकडे राहिले, आणि त्याच तहात मॅनहॅटन इंग्रजांकडे. हा किस्सा इतका सांगून झाला आहे, की तो इथेच सोडतो.

मक्ता टिकवायचा तर दुसरीकडे झाड उगवू द्यायचे नाही. कंपनीने विक्रीची जायफळे चुन्यात बुडवायला सुरुवात केली, म्हणजे बी रुजणार नाही आणि कीडही लागणार नाही. गंमत अशी, की यातला पहिला हेतू बराचसा अनाठायी होता. जायफळाची बी ओल असेतोवरच जिवंत असते. सुकली की मेली. बंदावर ती मंद धुरावर आठवडेच्या आठवडे वाळवतात, इतकी की कवचात खुळखुळू लागते. अशी बी चुन्याशिवायही उगवत नाही. तरीही युरोपातल्या गिऱ्हाइकाला पांढुरकी जायफळेच अस्सल वाटू लागली आणि मक्ता मोडल्यावरही चुना लावायची रीत बरीच वर्षे चालू राहिली.

ताजी, ओली, रुजण्याजोगी बी समुद्रापलीकडे नेणारा एकच वाहतूकदार होता आणि तो कोणाचा परवाना घेत नव्हता. राजकबुतरांच्या कित्येक जाती बेटांवर राहून दुसऱ्या बेटावर चरायला जातात, मधले पाणी रोज ओलांडतात. उघड्या पाण्यावरून जाणारे हे पाखरू सकाळी एका बेटावर गिळलेली बी दुसऱ्या बेटावर टाकते, आणि तीही खतासकट. आल्फ्रेड रसेल वॉलेस हा निसर्गशास्त्रज्ञ १८५७ पासून काही वेळा बंदावर उतरला. जायफळ गिळून जावित्री पचवणारे आणि बी अखंड टाकणारे हे कबूतर आणि त्याचा घुमणारा आवाज त्याने आपल्या प्रवासाच्या पुस्तकात नोंदवला आहे. त्याच पुस्तकात त्याने डचांच्या मक्त्याची बाजूही घेतली. त्याचा युक्तिवाद होता, की जायफळ ही काही जीवनावश्यक वस्तू नाही. मलुकूचे रहिवासी स्वतः ती मसाल्यात वापरतही नाहीत. निसर्गाचे निरीक्षण इतके चोख आणि माणसांबाबत एवढी बेफिकिरी, हे त्या काळच्या बऱ्याच थोर प्रवाशांत एकत्र नांदते.

मक्ता मोडला तो अखेर माणसांनीच. फ्रेंच अधिकारी प्येर प्वाव्र याच्या माणसांनी १७७० मध्ये जायफळ मॉरिशसला पोचवले. पुढे इंग्रजांनी बंदा दोनदा ताब्यात घेतली आणि रोपे पिनांग, सुमात्रा, सिलोनकडे हलवली. १८४३ मध्ये ती कॅरिबियनमधल्या ग्रेनाडात गेली. पण यातल्या प्रत्येकाला तेच करावे लागले जे पाखरू करत होते: बी ओली ठेवायची, लवकर पोचवायची, सावलीत लावायची.

चिमटीचा न्याय

झाडाने बी कोणी खाऊ नये अशी तजवीज केली असेल, तर आपण ती खातो कशी? याचे उत्तर प्रमाणात आहे. जायफळात पंचवीस ते चाळीस टक्के घट्ट चरबी आणि साधारण पाच ते पंधरा टक्के उडून जाणारे तेल असते. त्या तेलातले मिरिस्टिसिन, एलेमिसिन, सॅफ्रोल हे घटक कमी प्रमाणात सुगंधी आणि जास्त प्रमाणात विषारी आहेत. एका-दोन जायफळांची पूड एकदम पोटात गेली तर छाती धडधडते, तोंडाला कोरड पडते, मळमळ होते, भ्रम होतो, आणि हा त्रास दिवसभर पुरतो. किडे-उंदरांनी बी पोखरू नये म्हणून झाडांनी असली रसायने कमावली, हा सर्वसाधारण कयास. पुरणात किसून टाकतो ती चिमूट म्हणजे कीटकांविरुद्धच्या औषधाचा आपल्याला मानवणारा अंश.

घराघरांतल्या रिती या रसायनाशी चांगल्या जुळतात. जायफळाचा वास पाण्यात नीट उतरत नाही, स्निग्धात उतरतो. म्हणून तो बासुंदी, श्रीखंड, खवा, कोजागरीचे मसाला दूध आणि दुधाळ कॉफी यांतच खुलतो. वास उडून जाणारा, म्हणून पदार्थ चुलीवरून उतरवताना आणि ताजे किसून. डब्यात महिनोन्‌महिने पडलेल्या पुडीला लाकडाच्या भुशाची चव येते ती याचमुळे. बाळगुटीत जायफळाचे सहाणेवर एक-दोन वेढे द्यायचे, तिसरा नाही, ही ताकीद आजीबाईंच्या तोंडी असे. आजचे बालरोगतज्ज्ञ गुटीबाबतच सावध करतात आणि वरचे प्रमाण पाहता ते वावगे नाही. युरोपातही हीच चाल दिसते. व्हाइट सॉस, कुस्करलेला बटाटा, लोण्यातला पालक. नेदरलँड्समध्ये उकडलेल्या फ्लॉवरवर आणि फरसबीवर जायफळ किसायची घरगुती पद्धत अजून टिकून आहे. जावित्रीत त्या मानाने चरबी कमी, वास हलका आणि रंग उजळ; ती अख्खी टाकता येते आणि काढताही येते. म्हणून आपल्याकडे गोडाला जायफळ आणि बिर्याणीला, तांबड्या-पांढऱ्या रश्श्यांच्या वाटणाला जावित्री अशी वाटणी पडली.

मलुकूत याहून वेगळी वाटणी आहे. तिथे घरोघर खपतो तो फळाचा आंबट-तुरट गर: साखरेत मुरवून वाळवलेल्या फोडी, जॅम, सरबत. ग्रेनाडात जायफळाच्या गराचा जॅम आणि पाक होतो, केरळात लोणचे घालतात, आणि कोकणातल्या बागायतदारांनाही आता सालीचा मुरंबा-लोणचे करून विका असे सांगितले जाते. म्हणजे एका फळाचे तीन वाटेकरी झाले. पाखराला जाळी, बेटकऱ्याला गर आणि दूरच्या गिऱ्हाइकाला बी. पहिल्या दोघांच्या वाट्याने झाडाचे काही बिघडत नाही. ज्याच्यासाठी युद्धे झाली तो तिसरा वाटा तेवढा झाडाच्या मुळावर येणारा.

तीन आक्षेप

यावर पहिला आक्षेप बागायतदाराचा. पाखराचे कौतुक तुम्हाला परवडते, त्याने गिळलेली प्रत्येक बी माझ्या खिशातून जाते. हे खरे आहे, पण अर्धे. राजकबूतर न उकललेले फळ फोडत नाही. ते उकललेल्या फळावरच येते. बंदावर लांब बांबूच्या टोकाला दातेरी टोपली लावून उकललेले फळ तेवढे अलगद उतरवून घेतात. रोज फेरी घालणाऱ्या बागेत पाखराला उंच टोकावरचे आणि राहून गेलेलेच मिळते. पाखरू जास्त नेते ते राखण नसलेल्या बागेतून, जिथे फळ तसेही गळून कुजणार असते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. ग्रेनाडात एकही राजकबूतर नाही, तरी त्या देशाने राष्ट्रध्वजावर जायफळ काढण्याइतके पीक घेतले. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने कोकण सुगंधा, कोकण स्वाद, कोकण श्रीमंती, कोकण संयुक्ता या जाती दिल्या. नारळाच्या सावलीत जायफळ लावून एकाच बागेतून चार पिके घ्यायचा प्रयोग रत्नागिरीजवळ भाट्ये इथल्या संशोधन केंद्राने रुजवला. जायफळात नर-मादी झाडे निराळी असतात आणि बी लावले तर ते कळायला सहा-सात वर्षे जातात, म्हणून शेतकरी मादीचे कलमच लावतो. यात पाखराचा संबंध कुठे? नाही, हे मान्यच करायला हवे. मिरिस्टिका फ्रॅग्रन्स, म्हणजे आपले मसाल्याचे जायफळ, आता इतके माणसाळले आहे की त्याची निःसंशय रानटी वस्ती दाखवता येत नाही. पण माणसाने पाखराचे काम अंगावर घेतले म्हणजे खर्चही अंगावर आला. २००४ मध्ये आयव्हन वादळाने ग्रेनाडातली बहुतेक जायफळाची झाडे आडवी केली. प्रत्येक झाड हाताने लावायचे आणि फळासाठी वर्षानुवर्षे थांबायचे. जायफळाच्या उत्पादनात तोवर जगात दुसऱ्या क्रमांकावर असलेला देश त्यातून अजून पूर्वीच्या जागी आलेला नाही.

तिसरा आक्षेप माझ्या मांडणीच्या मुळावरच बोट ठेवतो. बी विषारी आणि जावित्री मजुरी, ही विभागणी फार साफसूफ वाटते. कारण बियेतले मिरिस्टिसिन जावित्रीतही असतेच. हा आक्षेप पुरता खोडता येत नाही. बुरशी आणि किडे यांच्यापासून उघड्या जाळीलाही राखण लागते, आणि पाखराला ते प्रमाण सोसते, इतकेच म्हणता येते. दिलेल्या मजुरीतही झाडाने थोडे औषध मिसळून ठेवले असेल, तर त्याने मजुरी रद्द होत नाही. पाखराने जावित्री पचवून बी टाकली, हा व्यवहार डोळ्यांनी दिसणारा आहे.

रामपत्री

पिकाला पाखरू लागत नाही, रानाला लागते. इथे विषय आपल्या दारात येतो. लालबागच्या मसाल्याच्या बाजारात उन्हाळ्यात डंकावर मसाला कांडून घ्यायला रांगा लागतात. तिथे दगडफूल, नागकेशर, त्रिफळ यांच्या शेजारी रामपत्रीचे ढीग असतात. ही रानजायफळाची, मिरिस्टिका मलबारिका या सह्याद्रीतल्या झाडाची जावित्री. पाकळ्या लांब, अरुंद, काळपट तांबड्या. वास जवळजवळ नाही. मसाल्याला ती रंग आणि दाटपणा देते. शंभर वर्षांपूर्वीच्या जागतिक बाजारात हिला ‘बॉम्बे मेस’ म्हणत आणि खऱ्या जावित्रीतली भेसळ म्हणून ती बदनाम होती. अल्कलीत टाकली की गडद लाल रंग सोडते, या खुणेवरून तपासनीस ती पकडत.

रामपत्री बहुतांशी रानातून येते. कर्नाटकातल्या उत्तर कन्नडच्या जंगलांत अभ्यासकांनी जे नोंदवले आहे ते साधे आहे. झाड कोणाचेच नाही, म्हणून जो आधी पोचेल त्याचे; मग फळ उकलायची वाट कोणी पाहत नाही. कच्ची फळे फांद्यांसकट उतरवली जातात. जाळी काढून घेतली की बी फेकून देतात, कारण तिला स्वयंपाकघरात किंमत नाही. कच्च्या फळातली ती बी रुजत नाही. पाखरू येते तेव्हा झाडावर काहीच नसते. वरकरणी यात एकही झाड तोडले गेलेले नाही, पण पुढची पिढीही पेरली गेलेली नाही.

सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यात हेवाळे-बांबर्डे इथे रानजायफळाची एक दलदल आहे. बारमाही पाणी, चिखलातून गुडघ्यासारखी वर आलेली मुळे, वर मिरिस्टिका मॅग्निफिकाचे उंच खोड. ही राई टिकली ती देवाच्या नावावर, आणि आता राज्याने तिला जैवविविधता वारसा स्थळ जाहीर केले आहे. गोव्यात सत्तरीतली निरंकाराची राईही अशीच. इथे कोणी म्हणेल, या झाडांच्या बिया फार मोठ्या. त्या धनेश गिळतो, राजकबूतर नव्हे. मोठ्या बियांबाबत ते बरोबर आहे. पण सह्याद्रीत रानजायफळाच्या अनेक जाती आहेत, लहान-मोठ्या बियांच्या, आणि वाहतूकदारांतही तशीच वाटणी आहे. धनेशाला जुन्या झाडाची ढोली लागते, राजकबूतर चार काटक्यांच्या घरट्यात बहुधा एकच अंडे घालते. दोघेही सावकाश वाढणारे, म्हणून दोघांनाही शिकार लवकर संपवते. एकाच्या भरवशावर दुसऱ्याला सोडता येत नाही.

शिकार थांबली तर काय होते, ते ऑस्ट्रेलियाने पाहिले आहे. क्वीन्सलँडच्या किनाऱ्यावरची राजकबुतरे बेटांवर घरटी करतात आणि रोज समुद्र ओलांडून मुख्य भूमीवरच्या रानात चरायला जातात. परतणाऱ्या थव्यांवर बंदुका चालत. मार्गारेट आणि आर्थर थॉर्सबोर्न या दांपत्याने १९६५ मध्ये नॉर्थ ब्रूक बेटावर किनाऱ्याला बसून परतणारे पक्षी मोजायला घेतले. ती मोजणी वर्षानुवर्षे चालली, बेकायदा शिकारीला आळा बसला आणि आकडा काही हजारांवरून कित्येक पटींनी चढला.

दोडामार्गात बंदुकीपेक्षा मोठी अडचण जमिनीची आहे. राई वाचली, पण पाखराने उचललेली बी टाकायची कुठे? तिलारीच्या आजूबाजूला गेल्या काही वर्षांत डोंगरउतार साफ करून रबर लावले गेले, काजू आणि अननस लागले. सिंधुदुर्गातले पुष्कळसे जंगल खासगी मालकीचे आहे, सातबारावर कितीतरी वाटेकऱ्यांची नावे आहेत, आणि रबराची कंपनी रोख भाडे देते. वारसा स्थळाची हद्द राईच्या कडेला संपते. तिथून पुढच्या उतारावर पाखराला बसायला-चरायला एखादे उंबराचे, जांभळाचे झाड ठेवायला मालकाला कारण द्यायचे असेल, तर ते रबराच्या भाड्याशी तुलना करता येईल अशा रकमेतच द्यावे लागेल. कच्च्या फळांची तोड थांबवणे त्या मानाने सोपे दिसते. उकललेल्या फळाची रामपत्री कच्च्या फळाच्या रामपत्रीपेक्षा जाड भरते आणि चांगली विकते, त्यामुळे गावाने एक तारीख ठरवून त्याआधी फळाला हात लावायचा नाही असे ठरवले तर गोळा करणाऱ्याचे नुकसान होत नाही. पण तशी तारीख पाळायला झाडाचा मालक ठरलेला असावा लागतो, आणि उत्तर कन्नडात काय किंवा इथे काय, नेमकी तिथेच गाडी अडते.